घेतलें तसें दिलें

ताजमहालाकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे कुंभकोणमचे आमचे घरमालक. समोर सगळं जग आ वासून उभं होतं. कुणी बायकोला 'जरा डावीकडे, आता उजवीकडे' करत फोटो काढत होतं, कुणी घुमट चिमटीत धरल्यासारखा दिसावा म्हणून हात वर करून तिष्ठत होतं. आणि हे गृहस्थ त्या एवढ्या संगमरवराला पाठ दाखवून, काठीच्या टोकाला बांधलेला ताडपानाचा पंखा उंच धरून आमची डोकी मोजत होते. मला राहवेना. म्हटलं, "रायर, एकदा वळून तरी बघा. इतक्या लांब आलोय."

"तो कोठें जातो, अम्मा?" ते म्हणाले. "तो तेथेंच आहे. जातात तीं हीं माणसें."

कितीतरी वर्षं ते कुंभकोणम आणि आसपासच्या लोकांना उत्तर हिंदुस्थान दाखवून आणत होते. दिल्ली, आग्रा, हरिद्वार, प्रयाग आणि शेवटी काशी. पण लाल किल्ल्याबद्दल काही विचारलं तर 'लाल आहे म्हणून ऐकलें' एवढंच उत्तर यायचं. कुठल्या वर्षी हरिद्वारला कुणाची चप्पल वाहून गेली आणि आग्र्याला कोण पेठा खाऊन आजारी पडलं, हे मात्र त्यांना तोंडपाठ असे.

त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि सांगूनही उपयोग नाही. कुंभकोणममध्ये त्या नावानं विचारत गेलात तर कुणी घर दाखवणार नाही. 'टूर रायर' म्हणा, रिक्षावाला दारात आणून सोडेल. तिकडच्या मराठी ब्राह्मणांना तमिळ लोक रायर म्हणतात. मराठे राजे तंजावरला आले तेव्हा त्यांच्या मागोमाग या लोकांचे पूर्वज गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. आमच्या ह्यांची बँकेतली बदली कुंभकोणमला झाली आणि आम्ही घर शोधत त्यांच्या दारात उभे राहिलो, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. उंच, शिडशिडीत म्हातारा, कपाळाला गंध, कमरेला पांढरी वेष्टी आणि वर, कुंभकोणमच्या उन्हाळ्यात, काशीहून आणलेला लोकरी मफलर. मी ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "माणूस तऱ्हेवाईक दिसतोय हो."

"तऱ्हेवाईक आहेंच," म्हातारा म्हणाला, "परंतु घर चांगलें आहे. आंत यावें."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते मात्र खूश होते. कऱ्हाडची माणसं आपल्या घरात राहायला येणार याचा त्यांना इतका आनंद झाला, की वरचा मजला दाखवायच्या आधी त्यांनी आम्हाला कॉफी पाजली, आणि ती मी कशी पिते हे टक लावून बघत राहिले.

टूर काढायच्या आधी त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पुढे ते पुतण्याकडे गेलं. लग्नाकार्याला लागणारी मोठाली पितळी पातेली, पराती, झारे ते भाड्यानं देत. भांडी परत आली की प्रत्येक भांडं उलटंपालटं करून पोचा पडलाय का बघायचं, आणि मग मान डोलवून म्हणायचं, 'घेतलें तसें दिलें'. हे वाक्य त्यांनी दुकानातून टुरीत आणलं होतं. टूर संपली की प्रत्येक प्रवाशाला ते स्वतः त्याच्या घरी पोचवत. पापनाशमचा असो, स्वामीमलैचा असो, बसनं जावं लागलं तरी जात. दार वाजवायचं, घरच्यांना बाहेर बोलवायचं, प्रवाशाला पुढे करायचं आणि म्हणायचं, "घेतलें तसें दिलें. बघून घ्यावें." घरच्यांनी 'हो, बरोबर आहे' म्हटल्याशिवाय म्हातारा हलत नसे. एका तऱ्हेवाईक नवऱ्यानं गंमत म्हणून 'ही माझी बायकोच नव्हे' म्हटलं, तर हे त्याच्या ओट्यावर तो कबूल करीपर्यंत बसून राहिले होते.

टुरीचे त्यांचे नियम आणखीनच और. गाडीत नवरा-बायकोनं शेजारी बसायचं नाही. "घरीं एकमेकांकडे बघत बसतांच कीं. हिंदुस्थान बघायास चाललां ना?" हिंदी येत नाही म्हणून कुणी घाबरलं, तर ते धीर देत, "हिंदी म्हणजे काय? मोठ्यानें बोललेली मराठी." आणि खरंच, ते हरिद्वारच्या स्टेशनवर हमालाशी खणखणीत मराठीत भांडले आणि जिंकले, हे मी या कानांनी ऐकलं आहे. हमाल नंतर त्यांच्या पाया पडला. बहुधा त्याला वाटलं असावं की हे संस्कृत आहे.

आणि दही. कुंभकोणमहून निघताना झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घरचं दही घ्यायचं. रोज संध्याकाळी, गाव कोणतंही असो, दूध मिळवून तापवायचं, कोमट करायचं आणि त्यात आदल्या दिवशीच्या दह्याचं विरजण घालायचं. दुसऱ्या दिवशी जेवणात प्रत्येकाच्या भातावर ते दही पडलंच पाहिजे. एका वर्षी दिल्लीच्या थंडीत दही लागेना, तेव्हा तो डबा मफलरात गुंडाळून पोटाशी धरून हा माणूस झोपला. कुंभकोणमचं दही पोटात असलं की माणूस कुठं हरवत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. याला पुरावा काय असं कुणी विचारलं, तर म्हणत, "आजवर कोणी हरवलें कां?"

गावातले लोक त्यांची थट्टा करत. कुंभकोणमच्या मोठ्या तळ्यात बारा वर्षांनी गंगा स्वतः येते, अशी तिकडची श्रद्धा आहे. तेव्हा 'गंगा आपल्या दारात येते, तुम्ही लोकांना एवढं लांब कशाला नेता?' असं कुणीतरी विचारायचंच. यावर ते गंभीरपणे सांगत, "ती आपणांकडे येते. मग आपणही तिकडे एकदां जाऊन यावें, हा मान आहे कीं नाहीं?"

पण त्यांचा खरा कडकपणा दिसायचा तो काशीच्या बाबतीत. काशीला गेलं की आपल्याला आवडणारं काहीतरी तिथं सोडून यायचं, एखादं फळ, एखादी भाजी, आणि मग जन्मभर ती तोंडात घालायची नाही, ही रीत तिकडे फार. लोक यात हातचलाखी करतात. कारलं सोडतात, दुधी सोडतात. रायरांना हे अजिबात खपत नसे. निघायच्या महिनाभर आधी प्रत्येकाला विचारून ठेवत, 'काय सोडणार?' पट्टीश्वरमच्या एका वकिलांनी फणस सांगितला. रायर चार दिवसांनी फणस घेऊन त्यांच्या घरी हजर. समोर बसून वकिलांना खायला लावलं. वकिलांनी दोन गरे खाल्ले आणि हात धुतले. "यांस फणस सोडण्याचा हक्क नाहीं," रायरांनी तिथंच निकाल दिला. शेवटी वकिलांना मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, सोडावी लागली आणि ते अजून रायरांच्या नावानं बोटं मोडतात.

मी एकदा विचारलं, "तुम्ही दरवर्षी जाता, मग दरवर्षी काही सोडता का?"

"नाहीं. एकदांच सोडलें," ते म्हणाले. "तेंच संभाळतांना पुरेवाट होते." काय सोडलं ते सांगितलं नाही. मी त्यांचं ताट बघून ओळखायचा खूप प्रयत्न केला. पण वांगं, आंबा, फणस, कॉफी, सगळं ते मजेत खात.

माझे सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे कुंभकोणमला राहायला आल्या. कऱ्हाडचं घर बंद झालं. त्या आधीही आमच्याकडे येऊन-जाऊन असत, पण ते पाहुण्यासारखं. आता मात्र त्या गप्पच झाल्या. खाली भाजीवाली यायची, शेजारीण यायची, सगळा कारभार तमिळमध्ये. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. रायर मराठी बोलायचे, पण सासूबाईंना त्यांची मराठी पटत नव्हती. "हा माणूस पोथी वाचल्यासारखा बोलतो. घाबरायला होतं मला," असं म्हणून त्या आत निघून जात. दिवसदिवस खिडकीत बसून असत. मला काळजी वाटायची. त्यांच्याशी माझं पहिल्यापासून मेतकूट होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा वरणभात येत नव्हता, आणि या बाईनं कधी चारचौघांत ते उघडं पडू दिलं नाही. त्यांना असं विझत चाललेलं बघणं मला सोसत नव्हतं.

मग एके दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "त्या रायरांच्या टुरीत माझं नाव घाल. काशी करून येते." ह्यांना मार्चअखेरची रजा मिळेना, म्हणून मी सोबत निघाले. मी इतकी हरखून गेले होते, की निघायच्या आधीच्या आठवड्यात घडलेली एक गोष्ट मला खटकायला हवी होती, ती खटकली नाही. माझ्या लग्नापासून 'अंदाजानं घालते' एवढंच सांगणाऱ्या सासूबाईंनी मला शेजारी बसवून गोडा मसाला करायला शिकवला. धणे किती, दगडफूल किती, कशाच्या आधी काय भाजायचं, सगळं. पुन्हा माझ्याकडून वदवूनही घेतलं.

टूर म्हणाल तर फार सुंदर झाली. आधी सगळे रामेश्वरला जाऊन आलो. तिथल्या सेतूची वाळू प्रत्येकानं आपापल्या पुरचुंडीत बांधून घ्यायची, ती प्रयागला संगमात सोडायची, आणि तिथली गंगा परत रामेश्वरला आणून वाहायची. तेव्हा कुठे यात्रा पुरी होते. दिल्लीला सासूबाईंनी मेट्रोत बसून लहान मुलीसारखं खिडकीबाहेर बघितलं, आणि बाहेर बोगद्याचा अंधार होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. हरिद्वारला आरती बघताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, चला, माणूस परत आलं.

काशीला शेवटच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं सोडलं. सासूबाईंनी पेरू सोडला. प्रत्येकानं डाख देऊन बंद केलेला तांब्याचा एकेक गंगेचा गडू घेतला. शेवटच्या घडीला तोंडात घालायला असा गडू देवघरात असावा लागतो. सासूबाईंनीही एक घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची गाडी होती. सकाळी मी सामान बांधायला घेतलं, तर त्यांची पिशवी रिकामी. लुगडी कुठं गेली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, धर्मशाळेतल्या झाडूवाल्या बाईंना दिली.

"मी इथंच राहणार आहे," त्या म्हणाल्या. "घाटावर मराठी म्हाताऱ्यांचं एक घर आहे. बोलून आले मी कालच. रागावू नकोस. तुम्ही दोघं गुणी आहात. पण तुमच्या बदल्यांच्या सामानात आणखी किती वर्षं मला बांधून नेणार? इथं एकदाच काय ते होऊन जाईल."

मी रडले, भांडले. ह्यांना फोन लावून दिला, तर त्यांनी तो कानालाही लावला नाही. गडू तेवढा मांडीवर घेऊन धर्मशाळेतून उठून त्या घाटावर जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागे पायऱ्या उतरले खरी, पण जवळ जायचा धीर होईना. चार पायऱ्या वरच उभी राहिले.

टुरीतली एवढी माणसं, दुपारची गाडी, आणि रायर मात्र काहीच घडलं नसल्यासारखे हातात दह्याचा डबा घेऊन आले आणि सासूबाईंच्या शेजारी बसले. पंख्याची काठी त्यांनी पायरीवर आडवी ठेवली. मला वाटलं होतं समजूत घालतील, मुलाची आठवण करून देतील. तसलं काही नाही.

"अक्का, काल काय सोडलेंत?"

"पेरू."

"पेरू आवडतो तुम्हांस?"

सासूबाई घुटमळल्या. "दात कुठंयत मला पेरू खायला?"

"अय्यो!" रायर म्हणाले. त्यांना खरोखरच धक्का बसला होता. "म्हणजे काशीस फसवलेंत. माझ्या टुरींत येऊन."

"मग काय सोडू? आता काही आवडायचं राहिलंच नाहीये."

"असें कसें? या घडीस तुम्हांस सगळ्यांहून अधिक काय हवें आहे? खरें सांगावें. गंगेपुढें बसलां आहांत."

सासूबाईंनी मांडीवरचा गडू पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "इथं राहायला हवंय."

"सरी, बरें," रायर म्हणाले. "मग तेंच सोडावें."

सासूबाई अशा चिडल्या! आल्यापासून त्यांचा एवढा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "हा कुठला न्याय? माणसं इथं राहायला मिळावं म्हणून जन्मभर झुरतात, आणि तुम्ही मला इथून हाकलता?"

"मी कोण हाकलणार? रीत आहे ती. आवडेल तें सोडून परत जावें. आवडेल तें धरून बसावें अशी रीत मीं कोठें ऐकली नाहीं." आणि मग एकदम म्हणाले, "तुम्ही राहिलांत तर मजलाही राहावें लागेल. मीं नेलेलें माणूस परत नेतों. तुमची सून सगळ्यांस घेऊन जाईल." मी वर उभी राहून थिजले. मला कुंभकोणम स्टेशनच्या पलीकडचं तमिळ येत नव्हतं आणि मोठ्यानं मराठी बोलायचं धाडस तर मुळीच नव्हतं.

मग ते सासूबाईंकडे झुकले आणि हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगितलं. थोडकंच. मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. राग कुठल्या कुठे गेला होता. रायरांनी दह्याचा डबा त्यांच्या हातात दिला आणि त्यांना चेहरा पुसायला म्हणून आपला मफलर सोडू लागले.

सासूबाईंनी सवयीनं झाकण उघडून वास घेतला. "हे फार आंबलंय," त्या म्हणाल्या. "काल लावलं नाहीत का?"

"लावलें नाहीं. काल विसरलों."

"गाडीत काय घालणार मग माणसांना? दूध कुठं मिळतं इथं?"

मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले. सासूबाई उठल्या, खाली उतरल्या, गंगेत हात घातला, ओंजळीतलं पाणी सोडलं, आणि तिथंच उभ्या राहून पोटभर रडल्या. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, "लुगडी गेली माझी. तुझं एखादं दे नेसायला. आणि दूध बघ."

रामेश्वरला गंगा वाहून कुंभकोणमला पोचल्यावर आम्ही दोघी सरळ जिना चढायला लागलो, कारण रायरांचंच तर घर. पण नियम तो नियम. त्यांनी आम्हाला थांबवलं, स्वतः वर जाऊन बेल वाजवली, ह्यांना बाहेर बोलावलं आणि सासूबाईंना पुढे केलं. "घेतलें तसें दिलें. बघून घ्यावें."

ह्यांनी वाकून आईला नमस्कार केला. सासूबाईच म्हणाल्या, "तसं नाही हं. एक पोचा पडलाय."

रायरांनी त्यांना नीट न्याहाळलं. "तो आधींचाच," म्हणाले आणि खाली गेले.

त्यानंतर दह्याचं खातं सासूबाईंकडे गेलं. रोज संध्याकाळी त्या खाली जाऊन विरजण लावायच्या आणि त्या निमित्तानं दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. ते 'उदक' म्हणाले की या हसायच्या, या 'पाणी' म्हणाल्या की ते हसायचे. भाजीवालीशी सासूबाई मोठ्यानं मराठी बोलू लागल्या आणि तिला ते कळू लागलं. ह्यांची पुढची बदली आली तेव्हा सासूबाईंनीच ठणकावलं, "तुम्ही जा. मी इथं आहे." शेवटी बदलीवर न जाता ह्यांनी निवृत्तीच घेतली आणि आम्ही कुंभकोणमलाच राहिलो. माझ्या घरात हसणं परत आलं ते या माणसामुळे. हे मी त्यांना कधी सांगायला गेले, की ते कॉफीचा पेला पुढे करत आणि म्हणत, "निवते आहे."

गेल्या थंडीत रायर न्हाणीघरात पडले. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, ते तब्येत सुधारली म्हणून नव्हे. एका सकाळी त्यांच्या पुतण्याची बायको धावत वर आली. रायरांना घरघर लागली होती, आणि तोंडात घालायला घरात गंगा सापडत नव्हती. देवघर, कपाट, माळा, सगळं पालथं घालून झालं होतं. अर्ध्या कुंभकोणमला गंगा आणून देणाऱ्या माणसाच्या घरात एक गडू नव्हता. ज्यानं मागितला, त्याला देत गेले. शेवटचा स्वामीमलैच्या कुणाला तरी देऊन बसले होते.

सासूबाई आमच्या देवघरात गेल्या आणि आपला गडू घेऊन खाली उतरल्या. डाखाच्या कडेत सुरीचं टोक घालून त्यांनी तो स्वतःच उघडला. मी पुढे झाले, पण मला त्यांनी तो धरू दिला नाही. रायरांनी डोळे उघडले आणि गडू ओळखला.

"अक्का," ते म्हणाले, "तें तुमचें."

"असू दे. माझं मी परत आणीन," सासूबाई म्हणाल्या आणि चमच्यानं त्यांच्या तोंडात गंगा घातली. ती त्यांनी गिळली. उन्हं दारापर्यंत यायच्या आत ते गेले.

दिवस झाल्यावर मी सासूबाईंना विचारलं, त्या दिवशी घाटावर ते काय म्हणाले होते. त्यांनी सांगितलं. रायरांची बायको गेली तेव्हा दुकान पुतण्याला देऊन तेही काशीला कायमचे राहायला गेले होते. तिथं त्यांना पापनाशमची एक म्हातारी भेटली. तिच्यासोबतची माणसं गर्दीत चुकली होती. तमिळखेरीज तिला काही येत नव्हतं, आणि ती घाटावर बसून रडत होती. तिला घरी पोचवायचं म्हणून हे उठले. तिच्या दारात उभं राहून 'घेतलें तसें दिलें' म्हटलं, तेव्हा घरच्यांनी त्यांच्या पायांवर लोळण घेतली. ती त्यांची पहिली टूर.

"मला म्हणाले, 'मीही येथेंच राहावयास आलों होतों, अक्का. तेंच सोडलें. अजूनही दर वर्षीं येथें आलों कीं राहावेंसें वाटतें,'" सासूबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मग पंधरा दिवसांतच त्या म्हणाल्या, "माझी गंगा संपलीय. जायला हवं." कुणी न्यायला नव्हतं, म्हणून त्याच निघाल्या, आणि मला घेऊन निघाल्या. जुने प्रवासी आले, पट्टीश्वरमचे वकीलसुद्धा आले. दह्याचा डबा सासूबाईंच्या मांडीवर आणि पंख्याची काठी माझ्या हातात. नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवलं. हमालांशी मी मोठ्यानं मराठी बोलले, आणि चाललं की! आग्र्याला मात्र मी वळून सासूबाईंना दाखवायला गेले, 'आई, बघा ना, या उन्हात कसा दिसतोय', तर त्या ताजमहालाकडे पाठ करून उभ्या होत्या आणि ओठ हलवत डोकी मोजत होत्या.

परत आल्यावर त्यांनी प्रत्येकाला दारापर्यंत पोचवलं. गुडघे दुखत होते तरी पापनाशमची बस चुकवली नाही. सगळं आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा त्या जिना न चढता खाली रायरांच्या घरात शिरल्या. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, मफलर घातलेला. नवा गडू हातात धरून त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"सगळी आणली, भाऊ. घेतली तशी दिली. बघून घ्या."

थोडा वेळ त्या तशाच उभ्या होत्या, कुणी उत्तर देईल म्हणून थांबल्यासारख्या. मग डोळे पुसून त्यांनीच सांगितलं, "पोचा एकच आहे. तो आधीचाच."